कोमुं

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता कागद पुरे.
मधोमध काळा ठिपका आहे,
जिथे बघावं तिथेच येऊन बसतो.
कडेकडेने दिसतं: दाराची चौकट, मांजराचं शेपूट,
माझीच चप्पल.

लिसेवमध्ये शिकले होते ती भाषा.
एकसष्टनंतर ती कुणालाच नको होती,
फक्त जमिनी अजून तीच बोलत होत्या.
म्हापशात कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानात अर्ध्या बाकावर बसून
चाळीस वर्षं मी त्यांचं बोलणं लोकांना सांगितलं.
माड कुणाचा, बांध कुठे वळतो,
कुणाच्या आज्याने कुणाला काय लिहून दिलं.
पानाला दहा रुपये. मग वीस. काहींना फुकट.

गेला महिनाभर झोप नव्हती.
वाटायचं, जन्म गेला दुसऱ्यांच्या हद्दी वाचण्यात,
आपल्या नावावर एक कुंपणसुद्धा नाही.
आणि भांडणं? तीही मीच वाचून दाखवली की.
शिरसईच्या दोघा भावांचे, मी वाचलेल्या एका ओळीवरून,
गणपतीसुद्धा वेगळे झाले.
हे खोटं नाही. ते तसंच राहू दे.

शुक्रवारी सुनेचा हात धरून बाजारात गेले.
मिरच्यांचा भाव विचारत होते, तर मागून कुणी म्हणालं,
"हा आवाज मी ओळखते."
चेहऱ्याच्या जागी माझा ठिपका.
कडेला फक्त हिरवी बांगडी, चिंधी बांधलेलं बोट.

"तुम्ही वाचलात तो शब्द. कोमुं. सामाईक.
दोनदा वाचलात, मग मामलेदारासमोर तिसऱ्यांदा, मोठ्याने.
भाटकाराने कुलूप घातलं होतं.
विहीर अजून तिन्ही घरांची आहे, बाय.
मे महिन्यातसुद्धा आटत नाही."

मला आठवेना. खरंच आठवेना.
असे किती कागद, वाळवी लागलेले, तेलकट,
कुणी पोटाशी धरून आणलेले.
नाव विचारीपर्यंत ती गेली,
आणि पिशवी एकदम जड झाली. मयड्याची केळी.
सून म्हणाली, केवढ्याला घेतली?
मी म्हटलं, मागे कधीतरी घेतली होती.

रात्री ठिपका होताच जागच्या जागी.
मी त्याच्या काठावर एक रहाट बसवला
आणि ऐकत पडले.
कळशी खाली जाते. आपटते. कलते. भरते.
एक घर झालं. दुसरं घर.
तिसऱ्याची पाळी यायच्या आत
डोळा लागला.