मापाचं बूड

राष्ट्राध्यक्ष रडले म्हणे, राजधानीच्या मैदानात.
मी रेडिओवर ऐकलं, टेचिमानच्या बाजारामागे,
भात्याशेजारी मक्याचं कणीस भाजत.
पन्नास हजार माणसं गुडघ्यांवर, निवेदक सांगत होता,
बिशप, इमाम, डोक्यावरची ओझी उतरवलेले हमाल,
आणि सगळे मिळून देवाला म्हणत होते: आमचं चुकलं.

मग यादी आली. लाच. खोटी मतं. नद्या.
सोन्यापायी आपण नद्यांचा चहा केला, एक पाद्री म्हणाला.
लोक थोडे हसले,
मग हसलो म्हणून गप्प झाले.
मापांचं नाव कुणी घेतलं नाही.
मी कणीस फिरवलं. बरं वाटलं.

मी आमेयॉ, पत्रेवाला.
एकतीस वर्षं डब्यांची बुडं चेपतो.
मार्जरीनचा मोठा डबा हे इथलं माप,
मका त्यानंच, चवळी त्यानंच, भुईमूगही.
बायका यायच्या तिन्हीसांजेला, डबा कापडात गुंडाळून.
बाहेरून तीन ठोके, मधोमध.
चौथा मारला की गिऱ्हाइकाच्या बोटांना कळतं.
वरून शिगोशीग, खालून पोट आत ओढलेलं.
मापात पाप, म्हणतात लोक.
मी म्हणायचो, पाप कसलं, पोचा आहे.

सोमवारी पोमा आली. भर उन्हात, डबा उघडा.
ती मैदानात गेली नव्हती, बसचं भाडं नव्हतं.
"काढ," म्हणाली.
"काय?"
"घातलंस ते."

घालणं सोपं असतं.
काढायला डब्यात हातोडी शिरत नाही.
तिनं घरून मुसळ आणलं होतं, फुफू कांडायचं,
टोकाला अजून कसाव्याचा वास.
दोघांनी मिळून आतून ठोकलं.
आवाज सबंध बाजारात गेला,
आणि मान वर करून कुणी बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं.
मी पैसे घेतले. खोटं कशाला बोलू, घेतले.
मंगळवारी परत केले.

गुरुवारपर्यंत अकरा डबे.
झोंगोतली हाजिया रमातू दोन घेऊन आली,
एक तिचा, एक तिच्या आईचा.
आई जाऊन नऊ वर्षं झाली.
"तिचाही सरळ कर," म्हणाली,
"तिथं हिशेब मागत असतील."
मी तो सगळ्यात हळू ठोकला.

बाजारात डबे असतील चारशे.
माझ्याकडे आले चौतीस.
बाकीच्या बायकांनी दर उतरवला, पोचा ठेवला,
आणि गिऱ्हाईक, देवाची शपथ, तिकडेच गेलं.
तिसऱ्या आठवड्यात एक परत आली. नाव सांगत नाही.
"पुन्हा घाल," म्हणाली. "पोराची फी भरायचीय."
मी हातोडी उचलली.
बुडावर जुन्या पोच्याची वर्तुळं होती,
झऱ्यात खडा पडावा तशी.
म्हणालो, "एकदा चेपून काढलेला पत्रा
पुन्हा चेपला की फाटतो.
धर्माचं नाही बोलत, धातूचं बोलतोय."
ती बराच वेळ उभी राहिली.
मग गेली. कुठे गेली, माहीत नाही.
गावात पत्रेवाले आणखी दोघे आहेत.

रेडिओवर आता फुटबॉल लागतो.
नदी अजून तशीच आहे.

काल संध्याकाळी पोमाकडून मका घेतला, एक माप.
बायकोनं टोपलीत ओतला, हातानं पसरला,
पुन्हा गोळा केला. तीन मुठी उरत होत्या.
"बिचारी चुकली," म्हणाली. "परत देऊन ये,
दुसऱ्याचं आपल्याला नको."

एकतीस वर्षं माझ्या घरात मका येतोय,
आणि तिनं भरलं माप कधी पाहिलंच नव्हतं.

मी बसलो. हातोडीचा हात मांडीखाली घेतला.
"एफिया," म्हणालो, "चूल पेटव आधी.
सांगतो."