जुळणारा रंग

वाल्पाराइसोच्या चढावर एदुविनाचं दुकान.
खणात डोळे: तपकिरी, मधाळ, एक हिरवट.
येर्कोच्या उरलेल्या डोळ्याशेजारी
ती एकेक धरून बघते,
शर्टाचं तुटलं बटण जुळवावं तशी.

मीच शिकवलं होतं त्याला, चर्चच्या तळघरात:
पोलीस आले की खाली बसायचं.
हात दिसतील असे. मान वर, नजर सरळ.
दगडाकडे बघायचंसुद्धा नाही.

त्याने सगळं केलं.
नजरही सरळ ठेवली.
छर्रा तिथूनच आत गेला.

फळ्यावर मी लिहिलं होतं:
आपण हात उचलत नाही, म्हणून ते लाजतील.
हेल्मेटच्या काचेआड
लाजलंही असेल कोणी.
मला कसं दिसणार,
मी मागच्या रांगेत होते.

एदुविना सांगते, पहिले काही दिवस खुपेल.
रात्री काढून पाण्यात ठेवायचा.

येर्को आरशात बघतो. मग माझ्याकडे.
"शुक्रवारी पुन्हा बसायचं का, बाई?"

त्याच्या जाकिटाचा एक खिसा
कशाच्या तरी वजनाने खाली ओढलाय.

मी विचारत नाही.
पावती घेते,
सुटे पैसे मोजते,
पुन्हा पहिल्यापासून मोजते.