एक कमी

वनडेची यादी दुपारी आली
आणि दिवस बुडायच्या आत
सक्करदऱ्यात, खुशाल बोकडेच्या कूलर-दुरुस्तीच्या दुकानासमोर
तिची चिरफाड झाली.

मे महिना. रस्त्यावर उताणे पडलेले पत्र्याचे कूलर,
ओल्या खसाचा वास, तापलेल्या पंपाचा वास.
"पाच नंबरवर याले काहून घेतलं बाप्पा?"
निनावे मास्तर खुर्ची पुढं ओढतात.
"अकरा डावांत एक पन्नास नाही!"
रज्जाकभाईंना पटत नाही:
"फिल्डिंग पाहा ना त्याची. वीस रन तर पॉइंटवरच वाचवते."
"वाचवलेले रन लिहितेत कुठं?"

सगळे माझ्याकडे वळतात.
मी क्लबाचा स्कोअरर होतो, सत्तावीस वर्षं.
नाही, मी म्हणतो,
वाचवलेल्या धावांना रकाना नसतो.

खुशाल मोटार खोलत बसलेला, हात काळे कोपरापर्यंत.
वर न बघता बोलतो,
"आकड्याले मामा नाही, काका नाही.
आकडा खोटं बोलत नाही.
चाळीसच्या खाली ॲव्हरेज, मंग घरी बस."
आणि स्क्रू ठेवतो ताटलीत. टण्.

माझ्या हातातला चहा निवत जातो.

रेशीमबागेचं मैदान, मॅटिंगची विकेट,
अठरा वर्षांचा खुशाल, उसनं पॅड, एकाच पायाला बरोबर बसणारं.
जिल्ह्याच्या निवडीचा सामना.
चेंडू आत आला, काहीतरी लागलं,
फाइन लेगला गेला, एक धाव पळाले.
अंपायरनं गुडघ्याला हात लावला.
मी लेगबाय लिहिला.
नियमाप्रमाणे हात वर केला, पोचल्याची खूण.
अंपायरनं पाहिलं नाही.
तो अजून गुडघाच चोळत होता.

डास होते त्या दिवशी. नाल्याकडची बाजू.
खाजवत होता की सांगत होता,
विचारायला हवं होतं. पण मधे सत्तर पावलं ऊन होतं
आणि पुढचा बॉलर धावत सुटला होता.

पुढच्याच ओव्हरीत त्याचा मधला स्टम्प गेला.
संध्याकाळी निवडसमितीच्या साहेबांनी वही मागितली.
चौदा नावं ठरलेली. पंधराव्यासाठी
त्यांचं बोट माझ्या अक्षरावरून सरकत गेलं
आणि थांबलं.
एकोणपन्नास.
"तिकडच्या पोरानं बावन्न केलेत," ते म्हणाले,
आणि टोपण लावलं पेनाला.

मी रबर नेहमी खिशात ठेवायचो.
त्या दिवशीही होतं.

"शेंडेसाहेब, तुमी सांगा बरं,"
मास्तर मांडीवर थाप मारतात,
"बसते का हा टीममधी? हो का नाही, एका शब्दात."
रज्जाकभाई थांबलेत. समोरचा पानवालाही थांबलाय.
मी म्हणतो, त्या अकरा डावांत
दोनदा तर तो नाबाद होता,
एकदा दुसऱ्याच्या चुकीनं धावबाद,
आणि एकदा—
"एकदा काय?"
एकदा माहीत नाही, मी म्हणतो. आपण तिथं नव्हतो.

हसतात सगळे. "हे काय उत्तर झालं!"
वाद पुन्हा पेटतो, आता विकेटकीपरवर.
दोन कीपर कशाला, एकाला तरी बॅट धरता येते का,
आणि आपल्या विदर्भाच्या पोराले विचारते कोण.

खुशालनं मोटार बसवलीय.
जाळी लावतो, ताटली चाचपतो,
बोटानं स्क्रू मोजतो, पुन्हा मोजतो,
खाली वाकून रस्त्यावर पाहतो.
मग माझ्याकडे.
"एक कमी पडून राह्यला, साहेब."

मी खुर्चीवरून उठतो.
पंचाहत्तरीचे गुडघे, एका हातानं धरून
त्या कडक उजेडात, त्याच्या शेजारी
बसकण मारतो
आणि धूळ चाळू लागतो.