मंगळवार-गुरुवार

कार्ड टपालानं आलं. नाव बरोबर,
चक्क स्पेलिंगसकट: आयली कोर्पेला.
आईनं ते फ्रिजवर लावलं, वीजबिलाशेजारी.

हॅनकॉकला विचारलं त्यांनी, अनुभव?
कॅल्युमेटला म्हणाले, पूर्णवेळ येणार असलीस तर बोल.
पहाटे चार ते दहा मी बेकरीत असते,
ते सुटत नाही; भाडं त्यातून जातं.
तिसऱ्यानं फोनच उचलला नाही.
मी आपली रोज रात्री
उशीच्या छातीवर तीस दाब मोजायची,
आणि पुन्हा तीस.

मिळालं शेवटी. मंगळवार-गुरुवार, दुपारचं,
डायलिसिसच्या म्हाताऱ्यांची ने-आण.
सायरन नाही, दिवा नाही,
सिग्नलला आम्ही चारचौघांसारखे थांबतो.

पहिला पेशंट वाइनो, तांब्याच्या खाणीतला.
पट्टे आवळताना म्हणाला,
"नवी दिसतेस. हात किती गरम तुझे."
भट्टीचे, मी म्हटलं.
नाडी मी पूर्ण मिनिटभर मोजली,
पंधरा सेकंद पुरली असती.

"पाव कुठला?"
"रायचा. काळा."

बर्फात सरोवर दिसेनासं झालेलं.
घर येईस्तोवर तो
आईच्या हातच्या पावाबद्दल बोलत राहिला,
कवच कसं वाजायचं, वगैरे,
आणि फॉर्मवर मी लिहिलं:
रुग्ण स्थिर.