एकेरी फुलं

फैजपूरच्या बाहेर, सावद्याच्या रस्त्याला
मुबारक तडवीची नर्सरी.
मी बोट दाखवलं ते टपोऱ्या झेंडूकडे,
पाकळीत पाकळी, पाकळीत पाकळी.
"फुलपाखराले पाह्यजे ना, ताई?
मंग हे नको.
डबा भरेल हाय, पन झाकनच निंघत नही."

त्याने काढून दिली ती एकेरी,
उघड्या तोंडाची:
पेंटास, जीनिया,
निळ्या तुऱ्याची एक काडी,
जिचं नाव त्यालाही येत नव्हतं.
"उन्हात ठिवा. सावलीत जेवत नही ते."

मला वाटलं होतं, रंग निवडायचे असतात,
पडद्यांसारखे.
इथं फुलाची नळी आणि पाखराची सोंड
जुळते का पाहायचं,
सोयरीक बघावी तसं.

मार्चात लावलं, हा माझा गाढवपणा.
सेहेचाळीस अंशांत जीनिया
सकाळी उभी, दुपारी मान टाकलेली.
गावाभोवती केळीच केळी,
वारा आला की फवारणीचा वास.

पहिलं आलं, ते फुलावर नाहीच.
कूलरची टाकी गळते
तिथल्या चिखलावर पंख मिटून बसलं,
क्षार पीत, कितीतरी वेळ.
गळती काढायला आलेल्या मिस्त्रीला
मी चहा पाजून परत पाठवलं.

दुसरं आलं कुंपणाशी, एकदांडीवर,
जी मी दर रविवारी उपटते.
त्या रविवारी उपटली नाही.

पेंटास लाल झाला तो थेट श्रावणात.
मग येतच राहिली:
पिवळी, बिबळी, एक फाटक्या पंखाचं
जे रोज त्याच फुलापासून सुरुवात करायचं.

भंगाळे वहिनी वाटी घेऊन आल्या.
"चार पानं दे व, वरनाले."
कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या,
आणि एका काडीवर अळी,
हिरवी, जाड, पोट भरून निवांत.
"मारत का नही तिले?"

काय सांगू?
जेवायला बोलावलं मीच,
लेकरं कुठे ठेवाल
हे विचारायचं राहिलं होतं.

त्या दिवशी त्यांच्या वरणाला जिऱ्याचीच फोडणी.
जाताना मात्र वाकून
पानाच्या मागची बाजू पाहून गेल्या.

आज सकाळी भिंतीपलीकडून आवाज:
"तुह्यी उडाली का व?
माह्यी अजून लटकेलच हाय."