भाव

पहाटे यादी उघडली, रोजच्यासारखी,
चहात पाव बुडवत,
आणि तिसऱ्या ओळीत मीच होते.
आवेलीन कुतिन्यो. वय एकेचाळीस. डाव्या कानाची पाळी फाटलेली.
फोटो परवान्यावरचा, जुना;
तेव्हा मी हसायचे.
आकडा मात्र कोरा करकरीत.
मी धरून दिलेल्या एकाही माणसाला एवढा लागला नव्हता.
खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

मग पाव तसाच टाकून पळाले.

झालं एवढंच, की गुरुवारी मुरगावच्या उड्डाणधक्क्यावर
एका पोरीच्या बेड्या माझ्या हातून सुटल्या.
सुटल्या म्हणजे सोडल्या.
गुरूच्या चंद्रावरच्या खाणीतून करार मोडून आलेली,
नखांत तिथली निळी माती,
आणि विचारत काय होती, तर
इथे पेज मिळते का अजून.

आता माझ्या मागावर बाबुसो.
त्याला मीच शिकवलं:
पावलं बघू नकोस, ऊब बघ.
माणूस नाव बदलतो, तोंड बदलतो,
अंगातले सदतीस अंश कुठे टाकणार?
त्याची तीन ड्रोन दिवाडीवरून येतायत,
माझ्याच शिस्तीत,
आधी देवळं-इगर्जी, मग माड, मग पाणी.

म्हणून मी कुंभारजुव्याच्या खाडीत,
गळ्यापर्यंत चिखल.
दहा हातांवर मगर.
तिच्या अंगात ऊब नाही, डोक्यावर इनाम नाही.
तिने एकदा डोळा उघडला, मिटला.
धंदा एकच आमचा, ओळख पटली असावी.

बांधावर, मानशीपाशी, विजेरी हलली.
कुष्टा.
समुद्र चढला, पणजीचे निम्मे जिने पाण्यात गेले,
फेरीबोटी आपल्या आपण जातात-येतात,
आणि हा अजून लाकडी दारं हाताने ओढतो.
उजेड माझ्या कानावर थांबला.
कानावरून हलेना.

"भाव खंय?"

बावीस वर्षं धंद्यात. मला आधी आकडाच ऐकू येतो.
मी आकडा सांगितला.
नीट, शून्यांसकट.

त्याने मान हलवली.
"म्हजो भाव. सगूण."

सगूण. रायबंदरचा धक्का, नऊ वर्षांपूर्वी.
त्याला किती मिळाले ते पाठ आहे,
सुटे पैसेसुद्धा.
चेहरा आठवत नाही.
चिखलात उभी राहून मी तो खरंच शोधला,
खूप शोधला,
एक चप्पल सापडली फक्त, धक्क्यावर उलटी पडलेली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

वर घरघर जवळ आली.
कुष्टाने विजेरी विझवली.
भरती लागली होती; भरतीला मानस बंदच असते,
नाहीतर खारं पाणी थेट भातात.

अंधारात दार करकरलं.
लहानपणापासून ऐकतेय हा आवाज,
उघडताना आणि मिटताना
सारखाच येतो.

पाण्याने माझ्या पायाला ओढ दिली,
कुठल्या बाजूला ते कळायला
अजून एक श्वास लागेल.