पाणी कुठवर

चहा गाळता गाळता हेमांगी विचारते,
"पाणी कुठवर?"
मी म्हणतो, "घोट्याला."
शेजारच्यांना वाटतं, टाकीबद्दल बोलतोय.

धरणातून पाणी सोडलं की
अख्खं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं.
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
छातीला आलं की सराफ बाजार दुकानं उपसायला घेतो.
क्युसेकचा आकडा पेपरात येतो,
भरवसा मारुतीवर.

माझ्या पुराला असलं काही नव्हतं.
अकरा रात्री झोपलो नाही, दमलोही नाही.
भद्रकालीतून सात जुनी शिलाई मशिनं उचलली, उधारीवर.
कशासाठी, ते इतकं लख्ख दिसत होतं
की हेमांगीला समजावताना मला तिची कीव आली.
पहाटे तीनला सुपरवायझरला फोन केला.
त्याचं तान्हं उठलं, रडायला लागलं.
मी बोलतच राहिलो.

मग ओसरलं.
तीन महिने भिंतीकडे तोंड,
आणि हॉलमध्ये चादरी पांघरून बसलेली सात मशिनं.

डॉक्टर खैरनार म्हणाले, बायपोलर.
आईला ऐकू आलं, बायपास.
तिनं माझ्या हृदयासाठी नारळ बोलला.
आम्ही तसंच राहू दिलं;
नातेवाइकांना हृदय चालतं.

सातपूरला अठरा वर्षं मी गेज तपासायचो.
आता दर तीन महिन्यांनी माझंच रक्त जातं तपासायला,
रात्रीच्या गोळीनंतर मोजून बारा तासांनी.
शून्य पॉइंट सात.
"रेंजमध्ये आहे," डॉक्टर म्हणतात,
मी म्हणायचो तसंच, मान वर न करता.
हात थरथरतो. मायक्रोमीटर सुटला.
स्टोअरमध्ये बसून नटबोल्टची पाकिटं लावतो,
बाटलीभर पाणी पितो, पुन्हा भरून आणतो.
सहा मशिनं परत गेली.
सातव्यावर हेमांगी फॉल-पिको करते.

एक तिला सांगितलेलं नाही.
मे महिन्यात, कामावरून येताना, मी नदीवर थांबतो.
मारुती कोरडा, पायापासून डोक्यापर्यंत उघडा,
पावलापाशी कुणाची तरी गोधडी वाळत घातलेली.
दोन तोंडांवरून विनोद सुचतो, करत नाही.
नुसता बघतो, छातीपाशी, जिथवर कधीतरी आलं होतं,
आणि मला त्या पाण्याची आठवण येते.
बुडालेल्या दुकानांची नाही. पाण्याची.

परवा सकाळी म्हणालो, "गुडघ्याला."
हेमांगीनं गॅस बारीक केला.
"चढतंय की उतरतंय?"
हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, "थांब,"
आणि झोपेची वही काढली.
सात तास. साडेसहा. पाच.
काल चार.
वही तिच्यापुढे सरकवली.
तिनं वाचली, मिटली,
चहा तसाच ठेवून
चपला शोधायला लागली.